हार-नारळाशिवायचे कार्यक्रम

परवा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "आता कोण वाचतंय, ती गल्लीबोळातली वाचनालयं बंद करा आणि सरळ अभ्यासिका करून टाका, पोरांचं तरी भलं होईल." खाली धडाधड अंगठे. त्यात दोघे-तिघे असे की ज्यांच्या घरी आमच्या वाचनालयाची पुस्तकं गेल्या गणपतीपासून पडून आहेत. तिथे बोललो नाही, ग्रुपवर वाद घालून कुणाचं भलं झालंय? म्हणून इथे लिहितोय, आणि लांबणार आहे हे आधीच सांगतो.

आमचं वाचनालय सोलापूरच्या पूर्व भागात. दोन खोल्या, एक हॉल, वर पत्रा, शेजारी यंत्रमागाचा कारखाना. खटखट खटखट चालू असते दिवसभर, नवीन माणूस आला की विचारतो इथे शांतता कशी राखता, आम्हाला ती ऐकूच येत नाही आता, उलट माग बंद पडले की सगळे मान वर करून बघतात, लाइट गेली की काय. शासनमान्य, ड वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा. मी तिथला सचिव, म्हणजे पत्रव्यवहार करणारा, पंखा दुरुस्तीला माणूस आणणारा आणि वार्षिक सभेत शिव्या खाणारा. ग्रंथपाल ताई आहेत, मानधन इतकं की आकडा लिहायची लाज वाटते.

आधी पैशाचं सांगतो कारण लोकांना वाटतं सरकार देतंय की सगळं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात वाचनालय चालवणार संस्था, सरकार देणार अनुदान, वर्ग अ, ब, क, ड. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, आमच्या वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. ४८ ला १२ ने भागा. महिन्याला चार हजार, त्यात ग्रंथपालाचं मानधन, पेपर-मासिकांचं बिल, लाइट, नवीन पुस्तकं, झाडलोट. शिवाय हे दर महिन्याला येत नाही, हप्त्यांनी येतं, आणि मार्च जवळ आला की सगळ्या जिल्ह्याचे सचिव एकमेकांना फोन करतात, "तुमचं जमा झालं का ओ?" इथून गाडीने दोन-अडीच तासांत विजयपूरला जा, तिकडे कर्नाटकात मालमत्ता करासोबतच ग्रंथालय कर घेतात, म्हणजे वाचनालयाचा पैसा लोकांच्याच घरपट्टीतून निघतो. आपल्या कायद्यात तो करच नाही. त्यांची वाचनालयं लई भारी चालतात असा माझा दावा नाही, पण तिकडे निदान घर बांधलेला प्रत्येक माणूस वाचनालयाचा थोडा थोडा मालक आहे. आपल्याकडे मालक म्हणजे मी आणि अजून चार म्हातारे.

बरं, अनुदान टिकवायचं तर रजिस्टरं. दाखल रजिस्टर, देवघेव, सभासद, वर्गणी, अनामत, हजेरी. तपासणीला साहेब आले की टेबलावर चळत लावायची. मला याचा राग नाही. २०१२ साली राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली तेव्हा नुसत्या कागदावरची वाचनालयं किती निघाली ते सगळ्यांनी बघितलंय, एका कपाटावर अनुदान खाणारी मंडळी होती, त्यामुळे तपासणी पाहिजेच. माझं दुखणं वेगळं आहे. रजिस्टरात जे बसतं तेवढंच काम धरलं जातं, आणि 'कार्यक्रम' म्हणजे ज्याचा फोटो अहवालाला जोडता येतो तो. बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुणे, नारळ, शाल नाहीतर सोलापुरी चादर, प्रास्ताविक, मनोगत, आभार. पाहुणे गेले की सतरंजी गुंडाळायची आणि त्या दिवशी एकही पुस्तक कपाटातून बाहेर निघालेलं नसतं. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, मी बघितलंय की पोरांना तास-दीड तास बसवून वाचनाचं महत्त्व सांगतात. अरे तेवढ्या वेळात एक गोष्ट वाचून झाली असती की!

कमिटीत मी हे बोललो तेव्हा आमचे एक काका रागावले, म्हणाले पाहुणे नाही बोलावले तर वाचनालयाला विचारणार कोण. त्यांचं पण खरं आहे थोडं, वॉर्डातले पाहुणे आले म्हणून आम्हाला एकदा पत्रे बदलून मिळाले, पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक टाकायचं बंद झालं. म्हणून वर्षातून एक हार-नारळवाला कार्यक्रम ठेवतो, काकांच्या ताब्यात. बाकी सगळे बिनहाराचे. नियम एकच केला, कार्यक्रम संपताना पुस्तकाची देवघेव झाली पाहिजे. नाही झाली तर तो कार्यक्रम परत घ्यायचा नाही, मग कितीही टाळ्या पडू देत.

शनिवारचं सांगतो. दुपारी चार वाजता पोरांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची. एवढंच. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, तात्पर्य विचारायचं नाही. आमच्या भागात बहुतेक घरात तेलुगू बोलतात, काही घरं कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू, आणि पोरं शाळेत मराठी नाहीतर आता ते सेमी. ताई मराठीत वाचतात, मधेच एखादं पोरगं ओरडतं "मळ्ळी चेप्पु!" म्हणजे परत सांगा, आणि मग तिसरीतली एक पोरगी उठून तोच प्रसंग तेलुगूत सांगते, हातवारे करून, मूळ गोष्टीत नसलेली दोन भांडणं घालून. ताई पहिल्यांदा तिला थांबवायला निघाल्या होत्या. मी म्हटलं थांबवू नका ताई, ही पुढची ग्रंथपाल आहे. गोष्ट अर्ध्यात तोडायची आणि पुस्तक टेबलावर ठेवायचं, पुढचं ज्याला वाचायचंय त्याने घेऊन जा. पुस्तक एक आणि मागणारे सहा, मारामारीच, म्हणून आता एका पुस्तकाच्या तीन-चार प्रती घेतो. यावर पण एका सभासदांचं ऑब्जेक्शन, त्याच पैशात तीन वेगळी पुस्तकं आली असती, ग्रंथसंख्या वाढली असती. ग्रंथसंख्या! कपाटात उभी राहून पिवळी पडलेली ग्रंथसंख्या आमच्याकडे भरपूर आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलंय की ग्रंथ उपयोगासाठी असतात, पाच नियमांतला पहिलाच नियम, आणि १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालताना आम्ही तो नियम भिंतीवर लावून मोकळे.

दुसरा कार्यक्रम बायकांचा. याला कार्यक्रम म्हणावं की नाही मलाच कळत नाही. आमच्या भागात घरोघरी विड्या वळतात, सोलापुरात हे नवीन नाही कुणाला. अक्का सकाळी पान भिजवतात, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापतात, मग मांडीवर सूप घेऊन दारात बसतात ते संध्याकाळपर्यंत, हजार विड्यांचा हिशोब डोक्यात. महिला सभासद वाढवा असं आम्हाला सगळीकडून सांगतात. कशा वाढवणार? हात पानात गुंतलेले, बोटाला तंबाखू, पुस्तक धरणार कशाने? पण कान मोकळे असतात. घरात टीव्ही लावून ऐकत बसतातच की. मग आमच्या ताई आठवड्यातून दोनदा दुपारी एका अंगणात जाऊन वाचायला लागल्या. आधी पेपर, मग कादंबरीतलं एक प्रकरण. पेपरातलं पहिल्यांदा काय विचारतात तर विडीच्या मजुरीचं काही आलंय का, पेन्शनचं काही आलंय का, मग सोन्याचा भाव. आणि कादंबरी सुरू झाली की कात्रीचा आवाज सुद्धा कमी होतो. एकदा नायिका नवऱ्याचं घर सोडून माहेरी निघाली, तिथे एक अक्का ताडकन म्हणाली, "माहेरी कशाला जायचं? कारखान्यात नाव लाव म्हणावं, आपलं कार्ड आपल्या हातात पाहिजे." झालं, पुढची वीस मिनिटं वाचन बंद आणि माहेर की कार्ड (म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र) यावर चर्चा, कुणी कुणाचं ऐकेना, सुपातल्या विड्या तशाच. मी साहित्य संमेलनातले परिसंवाद ऐकलेत, २००६ चं इथलं पण, इतकं तावातावाने कुणी एखाद्या पात्राबद्दल बोलताना मला तरी दिसलं नाही.

आता हे रजिस्टरात कसं लिहू सांगा. पुस्तक एक, ऐकणाऱ्या दहा-बारा, देवघेवीला नोंद एक, ती पण ताईंच्या नावावर. पण त्या अंगणातल्या पोरी संध्याकाळी येऊन विचारतात, "ते आईला वाचून दाखवलेलं पुस्तक द्या, पुढं काय झालं बघू द्या." आईला पुढचं आधी कळावं म्हणून रात्री पोरगी वाचून दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी ती आई अंगणात बाकीच्यांना शेवट सांगून टाकते. ताईंची तेवढी एक तक्रार आहे.

या सगळ्याची वेळ ठरवणं ही वेगळीच डोकेदुखी. पुण्या-मुंबईचे लोक कार्यक्रमाला रविवार बघतात, आमच्याकडे पाणी कधी येणार ते बघावं लागतं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येणार त्या दिवशी साक्षात सरस्वती आली तरी एकही बाई घागर सोडून येणार नाही, आणि येऊ पण नये. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत वाचनालयात फक्त मी आणि पाल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्री, पत्र्याखाली दुपारी माणूस भाजून निघतो, म्हणून उन्हाळ्यात पोरांचं सगळं सकाळी आठला. हे कुठल्याही ग्रंथालयशास्त्राच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. वरून परिपत्रक येतं या तारखेपासून या तारखेपर्यंत पंधरवडा साजरा करा, आणि नेमकं त्यात आमचं सगळं गाव यात्रेला.

आता भांडणाचा विषय. आम्ही एक कपाट तेलुगू आणि एक फळी कन्नड पुस्तकांची केली. त्यावरून जे काय ऐकलं! मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि तुम्ही मराठी वाचनालयात हे काय भरताय, असं एका शिकल्या-सवरल्या माणसाने तोंडावर सुनावलं. मी मराठी माणूस आहे, मराठीवर माझं प्रेम कुणाला मोजून द्यायची गरज नाही. पण मला साधं दिसतं ते असं, की ज्या म्हाताऱ्याला फक्त तेलुगू वाचता येतं तो त्याच्या पुस्तकासाठी आला की बोटाला धरून नातू येतो आणि नातू मराठी पुस्तक घेऊन जातो. म्हातारा आलाच नाही तर नातू पण नाही. आणि सोलापूरची मराठी कुणी घडवली ते तरी आठवा. शाहीर राम जोशी याच गावचे. अरण्याचं वेड मराठीला लावणारे मारुती चितमपल्ली याच गावचे, २००६ च्या संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. १८ जून २०२५ ला ते इथेच गेले, त्यानंतर पंधरा दिवस आमच्याकडे त्यांच्या पुस्तकांना रांग, जी पोरं कधी कपाटाकडे फिरकली नाहीत ती नंबर लावून. मग आम्ही एक केलं, भाषण-श्रद्धांजली न ठेवता थंडीत पोरांना सकाळी कंबर तलावावर घेऊन गेलो, आता संभाजी तलाव म्हणतात. दुर्बीण एकच, ती पण उसनी. पक्षी बघायचा आणि त्याचं आपापल्या घरी काय नाव आहे ते वहीत लिहायचं, आईला नाहीतर आजीला विचारून. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, चार रकाने. ती वही आता वाचनालयात ठेवलीय आणि खरं सांगतो, तिला आमच्या अर्ध्या ग्रंथसंख्येपेक्षा जास्त हात लागलेत.

१२ जानेवारीचं पण तसंच. १९३१ मध्ये या तारखेला आपल्या चार जणांना येरवड्यात फाशी दिलं, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. पोरांना चार पुतळा म्हणजे रिक्षाचा स्टॉप एवढंच माहीत असतं. नावं वाचून दाखवली, १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांचा लष्करी अंमल, काय होता ते ताईंनी दहा मिनिटांत सांगितलं, आणि कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, तेव्हा विशीतच होते हे कळल्यावर एक पोरगा म्हणाला, "माझा दादा पण विशीत आहे की, तो नुसता रील बनवतो." सगळे हसले. त्या दादाला ही पोस्ट दाखवू नका, तो आमच्या अभ्यासिकेत बसतो.

हां, अभ्यासिका. मूळ मुद्दा तोच होता. आमच्या हॉलमध्ये अभ्यासिका आहेच की, बंद करा असं मी म्हणत नाही. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, पोरं-पोरी पहाटेपासून येऊन बसतात, महिन्याला फी देतात, त्या फीतून लाइट बिल निघतं आणि ताईंच्या मानधनात भर पडते. घरात एका खोलीत पाच-सहा माणसं, वर शिलाई मशीन नाहीतर माग, त्या पोराने अभ्यास कुठे करायचा? पण अभ्यासिकेला लागतं काय? टेबल, पंखा, चार्जिंग पॉइंट, वायफाय. पुस्तकं ती स्वतःची आणतात, कपाटाला पाठ करून बसतात. जागा तेवढीच, म्हणून दर वर्षी कमिटीत कुणीतरी म्हणतं, ती बालविभागाची कपाटं काढा, अजून आठ टेबलं बसतील, महिन्याला एवढे एवढे वाढतील. हिशोब बरोबर आहे. म्हणूनच तर भीती वाटते मला, चुकीचा असता तर खोडून काढला असता. कित्येक वाचनालयं अशी बघितलीत मी, आधी बालविभाग गेला, मग कथा-कादंबऱ्या माळ्यावर गेल्या, मग पाटीवर 'वाचनालय व' हे शब्द नुसते नावाला उरले. ज्या पोराची भरती झाली तो गेला, नाही झाली तो तिशी ओलांडली की तोंड चुकवून गेला. दोघांपैकी कुणी परत सभासद म्हणून येत नाही कारण आपण त्याला इथे पुस्तक वाचायला लावलंच नाही कधी.

आम्ही आठ टेबलं वाढवली नाहीत. त्याऐवजी अभ्यासिकेच्या दारापाशी एक उघडी फळी लावली, बारकी बारकी पुस्तकं, कविता, प्रवास, विनोदी काहीतरी, जुने दिवाळी अंक. कुलूप नाही, नोंद नाही, चहाच्या वेळी उचला आणि परत ठेवा. पुस्तकं गेली का? गेली काही. जाऊ देत. पण रात्री साडेनऊला कुलूप लावताना एखादा पोरगा चालू घडामोडी मिटवून कुठल्यातरी कथेत घुसलेला दिसतो, "सर दोनच पानं राहिलीत," म्हणतो. शनिवारी चार ते सहा हॉल पोरांचा, तेव्हा आवाज होणारच, ही गोष्ट अभ्यासिकेच्या फॉर्मवरच लिहिलीय. सुरुवातीला कुरकुर झाली. आता त्यांच्यातलेच एक-दोघे गोष्ट वाचायला बसतात, एक तर पोलीस भरतीवाला, सहा फूट, तो राक्षसाचा आवाज असा काढतो की बाहेर माग चालवणारे डोकावून जातात.

फॉर्म भरून द्यायचं काम पण करतो आम्ही, शिष्यवृत्ती, ई-श्रम, पेन्शनचे कागद. त्यावर लिहीत बसत नाही, सगळेच करतात, आणि फॉर्मला आलेला माणूस वाचक होतो असा माझा अनुभव नाही. पण त्याला आपल्या गल्लीत वाचनालय आहे एवढं तरी कळतं.

दिवाळी अंकांवर मात्र बोलायला पाहिजे कारण छोट्या वाचनालयाचं खरं उत्पन्न आणि खरी जत्रा तीच. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत फराळासोबत अंक लागतो, फक्त विकत घ्यायला नको असतो. थोडी जादा वर्गणी भरा आणि दोन-तीन महिने लागतील तेवढे अंक वाचा, ही योजना काढली की वर्षभर न दिसलेले सभासद लक्ष्मीपूजनाच्या आधी हजर. आम्ही यंदा त्यात एक अट घातली, पाच अंक नेले की एक पुस्तक न्यायचंच. लोक चिडतात, नेतात, काही न वाचता परत आणतात, ते कोरं पान बघूनच कळतं. पण काही वाचून आणतात.

आणि शेवटी एक विनंती, हात जोडून. पुस्तकं दान करायची असतील तर आधी फोन करा. घर बदलताना रद्दीवाल्याने जे घेतलं नाही ते आमच्या दारात पोत्यात ठेवून जाऊ नका. जुनी गाइडं, वीस वर्षांपूर्वीच्या आयकराचे नियम, पानं नसलेला शब्दकोश, कुणाच्या तरी एकसष्टीचा गौरव अंक सात प्रती. नको म्हटलं तर राग येतो, घेतलं आणि एकदा दाखल रजिस्टरला चढवलं की बाद करायला परत यादी, ठराव, सह्या. आम्हाला पाहिजेत ती लहान मुलांची पुस्तकं, मोठ्या टायपाची, चित्रं असलेली, तेलुगू-कन्नड असतील तर सोन्याहून पिवळं. उर्दूची एक फळी करायचीय, कुणाकडे पोरांची उर्दू पुस्तकं असतील तर सांगा, घेऊन यायला आम्ही रिक्षा पाठवतो. दुर्बीण असेल तर ती पण, उसनीवाल्याने परत मागितलीय. आणि गेल्या गणपतीपासून ज्यांच्याकडे आमची पुस्तकं आहेत त्यांनी ती या शनिवारी चारच्या आत आणून द्यावीत, दंड घेत नाही, त्यातल्या एका पुस्तकाला दोन पोरी रोज येऊन विचारून जातात.